न दिसणारा धूर

काळा धूर सोडत एखादी गाडी पुढे गेली की आपण नाकाला रुमाल लावतो आणि चालकाच्या नावाने दोन शब्द बोलतो. मराठीत धूर, कन्नडात ‘होगे’, इकडे तेलुगूत ‘पोग’. होगे आणि पोग हे तर एकाच घरातले शब्द. तेलुगूतल्या ‘पालु’ म्हणजे दुधाचे कन्नडात जसे ‘हालु’, तसेच हे. दिसणाऱ्या धुराला आपल्या तिन्ही भाषांत नाव आहे. पण डिझेलच्या गाडीतून एक न दिसणारा धूरही निघतो. त्याला आपल्या बोलीत नावच नाही, म्हणून त्याची तक्रारही कोणी करत नाही.

आदिलाबाद जिल्ह्यात कापसाचा हंगाम सुरू झाला की मार्केट यार्डाच्या रस्त्याला जुन्या पिकअप आणि जीपगाड्यांची रांग लागते. दहा-पंधरा वर्षे राबलेल्या या गाड्यांवर कितीतरी घरे चालतात. अशी गाडी एक दिवस चढावर दम टाकू लागते, उभी असताना थरथरते, समोर इंजिनाचा दिवा पेटतो. गॅरेजमध्ये नेली की सल्ला मिळतो, ‘ईजीआर बंद करून टाका, कटकटच नको!’ पत्र्याचा एक तुकडा बसवायचा, थोड्या वेळाचे काम. मालकाला हे स्वस्तात सुटल्यासारखे वाटते.

हे ईजीआर म्हणजे काय? इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूचा थोडा भाग एका झडपेतून पुन्हा आत सोडण्याची ही सोय. जळका वायू पुन्हा आत घेणे वेडेपणाचे वाटेल, पण त्यामागे हिशेब आहे. या वायूत प्राणवायू कमी असतो. तो ताज्या हवेत मिसळला की जळण्याची आच थोडी उतरते. आच फार चढली, साधारण १६०० अंश सेल्सिअसच्या वर गेली, की हवेतलाच नायट्रोजन आणि प्राणवायू एकत्र येऊन नायट्रोजन ऑक्साइड झपाट्याने तयार होतात. हाच तो न दिसणारा धूर. त्याला आवर घालायला ही झडप असते.

झडप तुंबते, ही मेकॅनिकची तक्रार खोटी नाही. जळक्या वायूतली काजळी आणि इंजिनाच्या तेलाची वाफ मिळून हवेच्या वाटेवर डांबरासारखा थर बसतो. झडप अर्धवट उघडी अडकली की गाडी गुदमरते. ती बंद केली की गाडी मोकळी धावते आणि मालक म्हणतो, ताकद वाढली. वास्तविक पूर्ण जोर लावताना चांगली झडप आपणहून जवळजवळ मिटलेलीच असते. म्हणजे नवी ताकद कुठून येत नाही, बिघाडाने गेलेली तेवढी परत मिळते. ती झडप साफ करूनही मिळाली असती.

‘पण माझी गाडी पीयूसीत पास होते,’ असे कोणी म्हणेल. इथेच खरी गोम आहे. डिझेल गाडीच्या पीयूसीत ॲक्सिलरेटर दाबून धूर किती दाट आहे एवढेच पाहतात. नायट्रोजन ऑक्साइड त्यात मोजलेच जात नाहीत. उलट ईजीआर बंद केल्यावर आच वाढून काजळी थोडी कमीच होते. गाडी कागदावर जास्त स्वच्छ आणि हवेत जास्त घातक, असा हा उफराटा न्याय!

चाचणीला एक आणि रस्त्यावर दुसरे, हा प्रकार जगाने मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये फोक्सवॅगन कंपनीचे बिंग अमेरिकेत फुटले. गाडीची चाचणी चालली आहे हे ओळखून तेवढ्यापुरते स्वच्छ वागायचे, अशी आज्ञावली त्यांच्या डिझेल गाड्यांत होती. लपवलेली गोष्ट हीच, नायट्रोजन ऑक्साइड. पुण्याच्या एआरएआय संस्थेने आपल्याकडच्या गाड्या तपासल्या आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातल्या सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. तिथे कंपनीने फसवले. इथे आपण आपल्या हाताने पत्रा बसवतो.

याचे मोल कोण मोजतो? हा वायू श्वासनलिकेला झोंबतो. दम्याच्या मुलांना आणि म्हाताऱ्यांना त्याचा त्रास आधी होतो. शिवाय उन्हात इतर वायूंशी त्याची क्रिया होऊन जमिनीलगत ओझोन तयार होतो आणि तो पिकांची पाने करपवतो. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१४ मध्ये गहू, भात, कापूस आणि सोयाबीनवर त्याचा परिणाम मांडला. २००५ सालचे एकट्या गव्हाचे नुकसान त्यांनी सुमारे ३५ लाख टन काढले. कापूस वाहणाऱ्या गाडीचा धूर कापसालाच बाधावा, हे आपल्या जिल्ह्याला परवडणारे नाही.

कायदाही या बाजूला आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेला फेरबदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

मग करायचे काय? झडप आणि हवेची वाट उघडून साफ करून घ्यावी, झिजली असेल तर बदलावी. पण आधी मेकॅनिकला एक प्रश्न विचारावा, ‘इतकी काजळी झाली कशाने?’ पुष्कळदा दोष गळणाऱ्या इंजेक्टरचा, टर्बोतून येणाऱ्या तेलाचा किंवा चोंदलेल्या एअर फिल्टरचा असतो. तो तसाच ठेवून झडप मिटवणे म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फेकून देणे. गाडी उभी करून तासन्‌तास इंजिन चालू ठेवू नये, तेल वेळेवर बदलावे. एक गोष्ट आता आपल्या बाजूने आहे. २०१० च्या आधी आपल्याकडच्या डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत ५०० भागांपर्यंत चालत असे; १ एप्रिल २०२० पासून ती मर्यादा १० वर आली आहे. त्या गंधकाच्या आम्लाने भाग खाल्ले जाण्याची भीती बरीच कमी झाली.

गाडी आपली, तिचा खर्चही आपला, हे खरे. हवा मात्र शेजाऱ्याचीही आहे. पुढच्या सर्व्हिसिंगला ‘बंद करा’ऐवजी ‘साफ करा’ एवढे म्हटले तरी पुष्कळ झाले.