तुम्ही कोणाच्या कबरीवर आलात?

परवा वाहाकाचे फोटो टाकले. तीनशेच्या वर लाइक आले. वीस वर्षांत माझ्या एकाही बातमीला एवढे आले नाहीत. टँकर घोटाळ्याच्या बातमीला सतरा आले होते, त्यातले चार घरातले. असो.

त्या फोटोंखाली आपल्याच एका माजी नगरसेवकांनी कमेंट केली : "बघा, याला म्हणतात संस्कृतीचं मार्केटिंग. आपल्या जत्रेचा असा इव्हेंट केला तर गावाचं सोनं होईल. साहेबांनी हे मॉडेल इथं आणायला पुढाकार घ्यावा." साहेब म्हणजे मी. त्याखाली पन्नासेक जणांनी अंगठे दिले, दोघांनी माझा नंबर मागितला. उत्तर कमेंटमध्ये मावेना म्हणून ही पोस्ट. लांब आहे. वेळ असेल तरच वाचा, पण न वाचता अंगठा देऊ नका.

आधी खुलासा. तिकीट भाच्याने काढलं. तो ग्वादालाहाराला आयटीत आहे, स्पॅनिश फाडफाड बोलतो. दिवाळी झाली आणि त्याने ताईला आणि मला बोलावून घेतलं. हे आधीच सांगतो, नाहीतर उद्या कोणीतरी माझी चौकशी लावायचं.

वाहाका हे मेक्सिकोच्या दक्षिणेतलं जुनं शहर. स्पेनच्या राजाने 1532 मध्ये त्याला शहराचा दर्जा दिला. शेजारच्या डोंगरावर मोंते आल्बान ही सापोतेक लोकांची प्राचीन नगरी आहे. तिच्यासकट हे शहर 1987 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. हिरवट दगडाची चर्चं, रंगीत भिंतींची बुटकी घरं, बाजारात चॉकलेट, सुक्या मिरच्या आणि भाजलेले टोळ. टोळ मी खाल्ले, ताईने नाही. शहर सुंदर आहे, यात वादच नाही.

आम्ही गेलो ते मृतांच्या सणाला. ऑक्टोबर संपता संपता घरोघरी गेलेल्यांसाठी आरास मांडतात. त्यावर त्या माणसाचा फोटो, त्याच्या आवडीचं खाणं, पाणी, मेणबत्त्या, पाव आणि झेंडू. झेंडू म्हणजे ढिगाने झेंडू. ते त्याला सेंपासुचिल म्हणतात. आपण दसऱ्याला दाराला बांधतो तो झेंडू मूळचा तिकडचाच. ताईने आरास बघितली आणि म्हणाली, "अरे, ही तर सर्वपित्री." मीही हीच ओळ फोटोखाली लिहिली. लिहायला नको होती. सर्वपित्रीला आपल्या अंगणात बस भरून परके लोक येत नाहीत.

31 ऑक्टोबरच्या रात्री आम्ही होहोकोत्लानला गेलो. शहराला लागूनच असलेलं गाव, तिथली दफनभूमी या रात्रीसाठी प्रसिद्ध आहे. बाहेर टुरिस्ट गाड्यांची रांग. कवटीसारखे तोंड रंगवून देणाऱ्यांचे स्टूल. आत शेकडो मेणबत्त्या, झेंडूची झाकण घातलेल्या कबरी, आणि प्रत्येक कबरीशी बसलेलं एकेक कुटुंब. आणि त्यांच्या मधून वाट काढत मोबाइल वर धरून चाललेले आम्ही. पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणजे कोणाच्या तरी कबरीच्या कडेवर पाय पडत होताच.

एक म्हातारी एकटीच दिसली. काळी शाल, मांडीवर पावाची टोपली, चेहऱ्यावर मेणबत्तीचा उजेड. पत्रकाराचा डोळा. मी खाली बसलो, दोन काढले. तिसऱ्याला फ्लॅश उडाला. तिने शाल तोंडावर ओढून घेतली. मागून एक तरणा मुलगा आला, नातू असावा. चिडला नव्हता. त्याने भाच्याला काहीतरी विचारलं आणि भाचा गप्प झाला.

"काय म्हणतोय?"

"मामा, तो विचारतोय, तुम्ही कोणाच्या कबरीवर आलात?"

तिथं ज्याला त्याला हाच प्रश्न विचारतात. कोणाकडे आलात, मग या, बसा, पाव घ्या. आम्ही कोणाकडेच आलेलो नव्हतो. भाच्याने माफी मागितली आणि आम्ही निघालो. तरी दुसऱ्या दिवशी मी तोच फोटो टाकला. तुम्ही सगळ्यात जास्त लाइक त्यालाच दिलेत.

आता "मॉडेल"कडे येतो.

नगरसेवकसाहेब, तुम्हाला जी परंपरा दिसली तिचा बराचसा भाग तिकीट लावण्यासाठीच उभा केलेला आहे. मेक्सिको सिटीत या सणाला जी भली मोठी मिरवणूक निघते, ती 2016 पासूनची. 2015 च्या जेम्स बाँडच्या सिनेमात सुरुवातीलाच तशी मिरवणूक दाखवली. लोक ती बघायला येणार म्हणून सरकारने ती खरीच काढायला घेतली. तोंड रंगवून बायका जी हॅट घातलेली कवटी होतात, ती पोसादा नावाच्या व्यंगचित्रकाराने शंभरेक वर्षांपूर्वी काढली, स्वतःची मुळं लपवून युरोपियन थाटात मिरवणाऱ्यांची टिंगल करायला. आज युरोपियनच ती तोंडाला लावून फिरतात. पोसादा असता तर त्याला आणखी एका चित्राचा विषय मिळाला असता.

वाहाकाचा मोठा उत्सव म्हणजे जुलैतला गेलागेत्सा. टेकडीवरच्या खुल्या नाट्यगृहात राज्यभरातल्या प्रदेशांची पथकं नाचतात. आजच्या रूपातला हा सोहळा शहराला चारशे वर्षं झाली तेव्हा, 1932 मध्ये सुरू झाला. त्यातला सगळ्यात टाळ्या घेणारा अननसाचा नाच राज्यपालांच्या सांगण्यावरून एका शिक्षिकेने 1958 मध्ये बसवला. पुढच्या जागांना तिकीट, वरच्या फुकट. आणि कोणतं पथक अस्सल, कोणतं नाही हे ठरवायला चक्क एक अस्सलपणा समिती आहे. हसू नका. आपल्याकडे महोत्सव झाला तर अशा समितीवर कोण कोण बसेल, त्यांची नावं मी आत्ता सांगू शकतो.

पण नवं म्हणून खोटं, असं मी म्हणत नाही. प्रत्येक परंपरा कधीतरी कोणीतरी सुरू केलेलीच असते. माझं भांडण दुसरं आहे. गेलागेत्सा हा मुळात नाचाचा शब्दच नाही. सापोतेक गावांत त्याचा अर्थ देणं आणि फेडणं. तुमच्या घरच्या लग्नात मी इतके टर्की, इतका मका, इतके पाव दिले, ते वहीत लिहून ठेवायचं, माझ्या घरचं कार्य निघालं की तुम्ही तेवढं परत आणायचं. आपली आहेराची वही. शेतातली सावड. ज्यांच्या घरी अजून ती वही आहे त्यांना मी काय बोलतोय ते कळेल. तिथं तेकियो म्हणूनही एक प्रकार आहे, गावाच्या कामाला प्रत्येक घराने बिनमोबदला हात लावायचा. रस्ता, शाळा, पाण्याचा पाट. संस्कृती म्हणतात ती ही. तिचा फोटो निघत नाही. ती बघायला जाता येत नाही, तिच्यात देणं लागावं लागतं. आणि या शब्दाचं सरकारने केलं काय, तर तिकिटाचा शो.

हे तिथल्या लोकांना कळत नाही असं समजू नका. 2006 मध्ये शिक्षकांच्या संघटनेने मोठं आंदोलन केलं, तेव्हा सरकारी गेलागेत्सा होऊच दिला नाही आणि लोकांचा फुकट गेलागेत्सा भरवला. त्याआधी 2002 मध्ये शहराच्या मुख्य चौकात मॅकडोनाल्ड यायला निघालं होतं. फ्रान्सिस्को तोलेदो हा तिथला मोठा चित्रकार, देशभर नाव. तो म्हणाला, दुकान आलं तर मी चौकात नागडा उभा राहीन. मग त्याने आणि त्याच्या मित्रांनी त्याच चौकात लोकांना तामाले फुकट वाटले. तामाले म्हणजे मक्याचं पीठ पानात गुंडाळून वाफवलेलं. परवानगी नाकारली गेली. सांतो दोमिंगोच्या जुन्या मठाचं पंचतारांकित हॉटेल करायचा बेत होता, तोही याच लोकांनी हाणून पाडला. आज तिथं संग्रहालय आणि त्या प्रांतातल्या झाडांची बाग आहे. तोलेदो 2019 मध्ये वारला. मॉडेल आणायचंच असेल तर हे आणा ना. चौकात नागडं उभं राहायची तयारी आहे का कोणाची?

त्या मठाच्या चर्चसमोर एका संध्याकाळी वरात बघितली. पुढं कापडाचे उंच बाहुले नाचतायत, मागं डोक्यावर फुलांच्या टोपल्या घेतलेल्या बायका, मग बँड. मी व्हिडिओ टाकलाय, तुम्ही बघितलाय. तिला कालेंदा म्हणतात, गावच्या सणाची, देवाची मिरवणूक. ही मात्र परदेशी जोडप्याच्या लग्नाची होती, दोघांचा वाहाकाशी काडीचा संबंध नाही, लग्नासाठी विमानाने आलेले. नाचणाऱ्या बाया भाड्याच्या, बँड भाड्याचा. वरात थांबली तेव्हा ट्युबा वाजवणारा एक पोरगा पायरीवर टेकला होता. भाच्याने बोलतं केलं. आज हे चौथं लग्न, म्हणाला. तो डोंगरातल्या गावचा. गावातही वाजवतो, पण तिथं पैसे नाहीत, तिथं पाळी असते. या वेळी गावच्या सणाला जाता आलं नाही, इथला सीझन होता.

त्याने पैसे घेऊ नयेत असं म्हणणारा मी कोण? लग्नाच्या हलगीवर ज्यांची घरं चालतात ते आपल्याकडेही आहेत, त्यांना "कला जपा" म्हणून फुकट सल्ला देणारे मला आवडत नाहीत. घ्यावेत, आणि जास्त घ्यावेत. पण गावची पाळी चुकवून चौथ्या लग्नात वाजवायला लागणं, याला संस्कृतीची भरभराट म्हणू नका.

आणि पैसा जातो कुठं? आम्ही हालात्लाको नावाच्या जुन्या मोहल्ल्यात ऑनलाइन घेतलेल्या भाड्याच्या घरात राहिलो. सुंदर गल्ली, भिंतींवर चित्रं, प्रत्येक तिसऱ्या दाराला कॉफी. तिथं आधी कोण राहत होतं? झाडलोट करायला येणारी बाई वरच्या वस्तीतून यायची. तिच्याकडे नळाला पाणी कधी तीन आठवड्यांनी, कधी महिन्याने. आमच्या घराची टाकी कमी झाली की मालक फोन करायचा आणि टँकर हजर. टँकरला तिथं पिपा म्हणतात. आपलं पिंप पोर्तुगीजांच्या याच शब्दावरून आलंय. पंधरा-सोळा हजार किलोमीटर लांब जाऊन मी टँकर ओळखला आणि पहिल्यांदा जरा घरच्यासारखं वाटलं. जानेवारी 2024 मध्ये वाहाकाच्या लोकांनी या भाडेवाढीविरुद्ध मोर्चा काढला होता. जुलै 2025 मध्ये मेक्सिको सिटीत निघाला. "पर्यटनाने गावाचं सोनं होतं" म्हणणाऱ्यांनी हे शोधून वाचावं.

आता जे मला जास्त झोंबलं ते. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, तेव्हा आपण सगळे पेटलो होतो. 2019 चं जीआय, चर्मकारांचं कष्टाचं काम, चोरी, अपमान. मीही लिहिलं. बरोबरच होतं. ऑगस्टमध्ये आदिदासने "वाहाका" नावाचा बूट काढला, तो वाहाकाच्या डोंगरातल्या यालालाग गावच्या पारंपरिक चपलेवरून उचललेला. तिथं बोंब झाली आणि कंपनीची माणसं त्या गावात येऊन माफी मागून गेली. कोल्हापूरलाही त्या कंपनीची माणसं येऊन गेली, बोलणी झाली.

त्या वेळी प्राडाला शिव्या घालणारे आणि परवा "जत्रेचा इव्हेंट करा" लिहिणारे, यात किमान अकरा जण तेच आहेत. मी मोजलेत. परक्या कंपनीने न विचारता नेलं की चोरी. आपण न विचारता तिकीट लावलं की विकास. जत्रेतल्या मानकऱ्यांना विचारलंय का कोणी? काठी नाचवणाऱ्यांना? ज्यांच्या अंगात येतं त्या बायांना, की तुमच्यासमोर पाचशे रुपयांच्या खुर्च्या मांडू का? चियापासमध्ये सान हुआन चामुला म्हणून गाव आहे. तिथल्या चर्चमध्ये फोटो काढायला सक्त मनाई. लोक तरीही जातात, बघतात, मुकाट येतात. गावाने ठरवलं, संपलं. तिथं काय दाखवायचं आणि काय नाही, हे ठरवायला बाहेरची समिती बसत नाही.

ताई म्हणते, तू फार डोक्याला लावून घेतोस, लोक मजेने बोलतात. असेल. पण त्या म्हाताऱ्या बाईचा चेहरा मला आठवत नाही, शाल आठवते. आणि मग आठवतात त्या इथल्या बायका. आत्महत्या झालेल्या घरात शिरून मी काढलेले फोटो. पदर तोंडावर घेतलेल्या. त्या वेळी तो पदर मला चांगली फ्रेम वाटायचा. माझ्या वडिलांच्या दहाव्याला असा कोणी मोबाइल घेऊन घाटावर आला असता तर मी काय केलं असतं, ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही ओळखता मला.

जत्रेच्या इव्हेंटसाठी कोणी माझं नाव पुढं केलं असेल तर काढून टाका. बैठक होणार असेल तर ती देवळात मानकऱ्यांसमोर घ्या, मी येईन. हॉटेलातल्या बैठकीला येणार नाही.

आणि तो दफनभूमीतला फोटो मी काल रात्री डिलीट केलाय. बावीस जणांनी शेअर केलेला दिसतोय, पाच-सहा जणांच्या डीपीला आहे. त्यांनीही काढावा, ही विनंती.