जुना लॅपटॉप आणि पेढीची पत

व्यापाऱ्याचे खरे भांडवल तिजोरीतील रोकड नव्हे, तर बाजारातील पत होय. ही पत ज्या वहीत उतरते, त्या वहीला म्हणूनच आपल्यात दिवाळीच्या पूजेचा मान मिळाला. आज कीर्द आणि खतावणी लॅपटॉपात गेली आहे. बँकेची देवघेव, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे, गिऱ्हाइकांचे पत्ते, त्यांची उधारी हे सारे एकाच यंत्रात साठविले जाते. वहीची जागा बदलली. परंतु वहीविषयीची दक्षता तिच्याबरोबर नव्या जागी गेली नाही, असे आम्हांस दिसते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत हा विषय मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

निमित्तही तसेच घडले आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ साली आणलेल्या विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. तिच्या पुढची विंडोज ११ ही प्रणाली २०१७ पूर्वीच्या बहुतेक लॅपटॉपांवर कंपनीच्या नियमांप्रमाणे बसत नाही. कारण तिला अलीकडच्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. व्यवसायसंस्थांना पैसे भरून दुरुस्त्या घेण्याची सोय कंपनीने ठेवली आहे. पण तीही तीन वर्षांपुरती, म्हणजे ऑक्टोबर २०२८ पर्यंतच.

या प्रश्नावर आपल्यात दोन पक्ष पडतात. तरुण मंडळी म्हणतात, जुने टाका, नवे घ्या. वडील मंडळी म्हणतात, यंत्र सुरू होते, टॅली चालते, बिले छापून निघतात. मग बिघडले काय? आमच्या मते दोन्ही पक्षांचे चुकते. अपरिग्रहाचा संस्कार असलेल्या समाजाने धडधाकट वस्तू केवळ जुनी झाली म्हणून फेकावी, हे आम्हांस मान्य नाही. परंतु यंत्र चालते की नाही हा प्रश्नच येथे नाही. त्याच्या दाराचे कुलूप आता कोणी दुरुस्त करीत आहे की नाही, हा खरा प्रश्न होय.

हे थोडे उलगडून सांगितले पाहिजे. कंपनी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आपल्या चालू प्रणालींतील दोषांवर दुरुस्त्या प्रसिद्ध करते. नव्या आणि जुन्या प्रणालीची बांधणी पुष्कळ अंशी एकच असते. त्यामुळे नवीत सापडलेला दोष अनेकदा जुनीतही असतो. चोर ती दुरुस्ती उलगडून पाहतात आणि मूळ भगदाड कोठे होते ते ओळखतात. नवीचे भगदाड बुजते, जुनीचे उघडेच राहते. म्हणजे एका घराची डागडुजीच दुसऱ्या घरात शिरण्याची वाट दाखविते. व्हायरसरोधक कार्यक्रम घेतला की झाले, असा समज पुष्कळांचा असतो. तो दारावरचा पहारेकरी आहे, हे खरे; पण पडलेली भिंत पहारेकरी बांधीत नाही.

याचा अनुभव जगाने २०१७ साली घेतला. त्या वर्षी १२ मे रोजी वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर कार्यक्रमाने दीडशेहून अधिक देशांतील संगणकांवरील फायली कुलूपबंद केल्या आणि त्या सोडविण्यासाठी पैसे मागितले. ज्या दोषातून तो शिरला, त्यावरची दुरुस्ती १४ मार्चलाच निघाली होती. ज्यांनी ती बसविली नाही ते सापडले. विंडोज एक्सपीचा आधार तर २०१४ मध्येच संपलेला होता. तिच्यासाठी सर्वांना खुली दुरुस्ती निघाली ती आग लागल्यानंतर. पुढच्याच महिन्यात त्याच दोषाचाही उपयोग करणाऱ्या नॉटपेट्याने मेर्स्क या जहाज कंपनीला ग्रासले आणि आपल्या न्हावाशेवा येथील तिच्या टर्मिनलवरचे काम विस्कळीत झाले. ज्या बंदरातून आपला माल जातो, तेथवर हे लोण पोचले होते, हे विसरून चालणार नाही.

कोणी म्हणेल, आमच्या लहानशा पेढीत चोराला काय मिळणार? असे कार्यक्रम पेढीची पाटी वाचून शिरत नाहीत. जे दार उघडे सापडेल तेथे शिरतात. शिवाय त्या वहीत केवळ आपले नसते. गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेला खातेक्रमांक, आडत्याचा हिशेब, नोकरांची कागदपत्रे ही आपल्याकडे ठेव म्हणून असतात. आपल्या धर्माने प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, दोष मानले आहे. स्वतःचे नुकसान सोसण्यास माणूस मोकळा आहे. दुसऱ्याची ठेव उघड्यावर टाकण्यास तो मोकळा नाही.

उपाय खर्चाचे नाहीत, शिस्तीचे आहेत. ज्याला दुरुस्त्या मिळत नाहीत, त्या लॅपटॉपावरून बँक, कर आणि ईमेल यांचे व्यवहार बंद करावेत. ते दुरुस्त्या मिळणाऱ्या एकाच यंत्रावर चालवावेत. जुन्यावर हिशेब ठेवायचाच असेल तर त्याची इंटरनेटची जोडणी काढावी आणि परका पेनड्राइव्ह त्यास लावू नये. किंवा लिनक्स मिंटसारखी विनामूल्य प्रणाली त्यावर बसवावी. तिला दुरुस्त्या मिळत राहतात. मात्र टॅली विंडोजसाठी बनलेली आहे, आणि छपाईयंत्र व डिजिटल सहीचे टोकन नव्या प्रणालीवर चालते की नाही, हे आधी तपासावे. दर आठवड्यास हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि प्रत होताच ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. जोडलेली राहिली तर मूळ वहीबरोबर तीही कुलूपबंद होते. इतके करूनही पैशाची फसवणूक झालीच, तर लाजेने दडवू नये. त्याच घटकेस १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार करावी.

आमची संघाला एक सूचना आहे. प्रत्येक सभासदाने आपापला जाणकार शोधीत बसण्यापेक्षा संघाने दिवाळीपूर्वी एक दिवस सभासदांची यंत्रे तपासून देण्याची व्यवस्था करावी. बेळगाव-निपाणीकडच्या लहान पेढ्यांना तिचा विशेष उपयोग होईल. कोणते यंत्र ठेवावे, कोणते जाळ्यातून काढावे, एवढा निर्णय जरी त्या दिवशी झाला तरी पुष्कळ झाले.

जुने यंत्र ठेवण्यात कमीपणा नाही. उघडे यंत्र ठेवण्यात आहे. यंदा वहीपूजनास बसण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने आपल्या वहीचे दार एकवार तपासावे, एवढीच आमची विनंती आहे.