तडीपार, पण कुठे?

मेसमध्ये पेपर चाळताना 'सातारा, सांगली जिल्ह्यांतून दोन वर्षांसाठी तडीपार' अशी बातमी दिसली की आपल्याला बरं वाटतं. चला, ब्याद गेली! पण गेली कुठे? कोल्हापूरला, नाहीतर सोलापूरला. तिथे काय हॉस्टेलं नाहीत?

ऑस्ट्रेलियात बारा महिने किंवा जास्त शिक्षा होऊन तुरुंगात असलेल्या परदेशी माणसाचा व्हिसा चारित्र्याच्या कारणावरून रद्द होतो. त्याला परत पाठवायला निदान दुसरा देश तरी असतो. आपला तडीपार आपलाच. आणि महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ च्या कलम ५६ प्रमाणे, साक्षीदार भीतीने पुढे येत नसतील तर शिक्षा झालेली नसतानाही माणसाला हद्दीबाहेर काढता येतं. भीती खरी आहे हो. टपरीवाल्याच्या जागी मी असतो तर मीही गप्पच बसलो असतो. तरीही जालन्याची एक तडीपारी रद्द करताना २०२२ साली सुप्रीम कोर्टाने बजावलं, की हा असाधारण उपाय आहे, जपून वापरा.

माझं म्हणणं, आधी टपरीवाल्याला संरक्षण द्या आणि खटला चालवा. साक्षीदार संरक्षण योजना सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच सगळ्या राज्यांना लागू केली आहे. नाहीतर दोन वर्षांनी तो गडी परत येणार, आणि टपरी तिथेच असणार.