गिलाव्याच्या भेगा आणि ‘आतल्या पाण्याचा’ उपाय

नव्या घराचा गिलावा वाळून महिना होत नाही तोच भिंतीवर केसासारख्या बारीक भेगांचे जाळे उमटते. कोल्हापूरच्या उपनगरांत घर बांधणाऱ्या मध्यमवर्गीयांची ही जुनीच तक्रार आहे. दोष कधी सिमेंटला दिला जातो, कधी गवंड्याला. सिमेंट मसाल्यात मिसळून आतूनच ओलावा पुरवणारी मिश्रके आता उपलब्ध असल्याने पाणी मारण्याच्या कटकटीतून कायमची सुटका होईल, अशी अपेक्षा निर्माण होणे स्वाभाविक आहे. मात्र ती तपासून घेणे आवश्यक ठरते.

सिमेंट आणि पाणी यांच्या रासायनिक प्रक्रियेत तयार होणारा पदार्थ मूळ दोन्हींच्या एकत्रित आकारमानापेक्षा कमी जागा व्यापतो. 100 ग्रॅम सिमेंटमागे ही घट सुमारे 6 मिलीलिटर असते. बाहेरून पाणी मिळाले नाही तर आतील सूक्ष्म छिद्रे रिती होतात आणि मसाला स्वतःच आकसतो. त्यावर उपाय म्हणून पाण्याने भरलेले सच्छिद्र हलके दगड वापरण्याची कल्पना 1991 मध्ये अमेरिकेतील फिलिओ यांनी मांडली. 2001 मध्ये डेन्मार्कच्या येन्सन आणि हॅन्सन यांनी बाळांच्या डायपरमध्ये असतात तशा अतिशोषक पॉलिमरचा वापर सुचवला. हे कण पाणी धरून ठेवतात आणि सिमेंटला गरज पडेल तसे सोडतात. पॉलिएथिलीन ग्लायकॉलसारखी द्रव्ये बाष्पीभवन मंदावून निराळ्या मार्गाने तोच हेतू साधू पाहतात.

या तंत्राचा खरा लाभ कमी पाण्याच्या, उच्च ताकदीच्या मिश्रणांना होतो. पाणी आणि सिमेंट यांचे प्रमाण सुमारे 0.42 पेक्षा कमी असेल, तेव्हाच सिमेंटला आतून पाण्याची तूट जाणवते. एकास चार किंवा एकास सहा गिलाव्यात पाणी त्याहून बरेच अधिक असते. तेथे भेगा पडतात त्या प्रामुख्याने ऊन-वाऱ्याने ओलावा उडाल्यामुळे आणि न भिजवलेल्या विटांनी मसाल्यातील पाणी शोषल्यामुळे. अशा वेळी पॉलिमरच्या पुडीवर भरवसा ठेवून पाणी मारणे सोडणे म्हणजे दुखणे एक आणि औषध दुसरे, असे होईल. शिवाय पॉलिमर आक्रसल्यावर मागे पोकळी राहते. मात्रा चुकल्यास ताकद घटते.

वाळूचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. नदीपात्रातील वाळू उपशावरील निर्बंधांमुळे बांधकामे क्रश सँडकडे वळली आहेत. राज्य मंत्रिमंडळाने मे 2025 मध्ये कृत्रिम वाळूचे धोरण मंजूर केल्याने हा कल वाढणारच. नदी वाचवण्यासाठी तो योग्यही आहे. परंतु न धुतलेल्या, न चाळलेल्या क्रश सँडमधील बारीक भुकटी अधिक पाणी मागते आणि अधिक पाणी म्हणजे वाळताना अधिक आकुंचन. म्हणजे भेगांचे मूळ अनेकदा वाळूच्या ढिगाऱ्यातच असते.

काँक्रीटसाठी भारतीय मानक 456 साध्या सिमेंटला किमान 7 दिवस, तर मिश्र सिमेंटला किमान 10 दिवस ओलावा ठेवण्यास सांगते. घरबांधणीत आज मिश्र सिमेंटचाच वापर मोठा असताना तीन-चार दिवसांत पाणी बंद करणे परवडणारे नाही. पावसाळ्यात धो-धो पाऊस पाहणाऱ्या या जिल्ह्यातही बांधकामाचा जोर असतो तो कोरड्या महिन्यांत. तेव्हा टँकरचे पाणी आणि मजुराचा रोज वाचवण्याचा मोह होतो.

दुरुस्तीचा उच्च ताकदीचा मसाला आणि पाणी मारणे अवघड असलेली कामे येथे अंतर्गत क्युरिंग नक्कीच उपयोगी ठरेल. घराच्या साध्या गिलाव्यासाठी मात्र चाळलेली वाळू, आधी भिजवलेली भिंत, मोजके पाणी आणि आठवडाभराचा ओलावा हेच उपाय स्वस्त आणि खात्रीचे आहेत. मिश्रक वापरायचेच असेल, तर ग्राहकाने आपल्याच वाळूवर घेतलेल्या आकुंचन चाचणीचा अहवाल मागावा. आयुष्याची पुंजी भिंतींत घालणाऱ्याला तेवढा हक्क निश्चितच आहे.