मुरमावरचा तीन दिवसांचा रंग

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवली. ज्याचा उत्साह टिकत नाही त्याला ती लावायची, हेही मुलांना सांगितले. तेरडा मात्र स्वतः कधी लावला नव्हता. निवृत्तीनंतर गडमुडशिंगीत घर बांधले आणि घरामागच्या उताराने मला या म्हणीचा दुसरा अर्थ शिकवला.

आमच्याकडे ऊस आहे, काळी रानेही आहेत; पण माझ्या वाट्याला आला तो माळाकडचा तुकडा. पाया खणताना होते नव्हते ते गवत निघून गेले आणि मागे उघडा मुरूम उरला. घर झाले की लगेच बाग हवी, ही हौस सर्वांचीच. मी दोन ट्रॉल्या पोयटा आणून उतारावर पसरला आणि फेब्रुवारीत कॉसमॉस व झेंडू पेरला. एप्रिलअखेर उतार पिवळ्या-केशरी रंगाने भरून गेला. पाहुण्यांनी कौतुक केले. मे महिन्यात वळीव आला आणि तासाभरात पोयटा फुलांसकट खालच्या घराच्या अंगणात गेला. तिथल्या आजी म्हणाल्या, ‘गुरुजी, तुमची बाग आमच्या दारात आली की वो!’ त्या हसत होत्या. पण त्यांची मोरी तुंबली होती आणि तो चिखल मी व माझ्या मुलाने दुपारभर उपसला.

त्या दुपारी मला पहिल्यांदा प्रश्न पडला, की हा पोयटा येतो कुठून? कुणाच्या तरी रानाचा किंवा ओढ्याकाठचा तो वरचा थर असतो. इंचभर सुपीक माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. ती ट्रॉलीने आणायची आणि एका पावसात गटाराला लावायची, ही हौस नव्हे, उधळपट्टी आहे. उताराला फुलांजोगे करण्याऐवजी फुले उताराजोगी निवडावीत, असे माझे आता स्पष्ट मत आहे.

अशी फुले असतात का? साताऱ्याजवळचे कास पठार पाहा. 2012 मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून ते जागतिक वारसा यादीत गेले. तिथे जांभ्या दगडावर मातीचा पातळ थर आहे. पावसाचे काही आठवडे मिळतात, तेवढ्यात तिथला जांभळा तेरडा रुजतो, फुलतो, बी टाकतो आणि संपतो. आमचा मुरूम वेगळा आणि कासचे बी उचलून आणणे तर गुन्हाच. पण तिथला धडा आणायला हरकत नाही. थोड्या मातीत, थोड्या दिवसांत आयुष्य उरकणे हा उथळपणा नव्हे, ते शहाणपण आहे.

पुढच्या वर्षी मी माती आणली नाही. खणताना निघालेलेच दगड उताराला आडवे रचून फूटभर उंचीच्या ताली घातल्या. त्यांच्यामागे चाळलेला मुरूम आणि कुजलेले शेणखत भरले. दगडांच्या खाचांत चिनी गुलाब खोचला. ऊन चढल्यावर उमलतो म्हणून काही जण त्याला ‘ऑफिस टाइम’ म्हणतात. त्याची नुसती काडी लागते, मांसल पानांत पाणी साठते आणि तापल्या दगडाची त्याला भीती नाही. जरा खोल जागी झिनिया पेरला; तो साधारण दोन महिन्यांत फुलतो. कडेला गलांडा आणि सदाफुली लावली. मोकळ्या जागेवर उसाचे पाचट अंथरले, तेच पाचट जे आपण सर्रास पेटवून देतो. मृगाच्या तोंडावर तालींच्या काठाने वाळा लावला आणि मध्ये तेरडा टाकला.

कॉसमॉस मात्र पुन्हा पेरला नाही. तो मुरमावर छान येतो, हेच त्याचे दुखणे. पुण्याच्या टेकड्यांवर तो मोकाट पसरला आहे. परदेशी तर झेंडू आणि झिनियाही आहेत, दोघेही मेक्सिकोचे. पण ते कुंपण ओलांडून माळ बळकावत नाहीत. 1950 च्या दशकात पुण्यात नोंदलेल्या गाजर गवताने पुढे देशभर काय केले, ते शेतकऱ्याला सांगायला नको. बी मुठीत घेण्यापूर्वी ते कुठवर जाईल, हे विचारावे.

काही मित्र म्हणतात, फुलांचे खूळ सोडा, झाडे लावा. झाडे लावावीतच. पण झाड अंग धरेपर्यंत उघड्या उताराला आधार कुणाचा? झटपट फुलांची मुळे खोल जात नाहीत हे खरे. तरी त्यांच्या पानांमुळे पावसाचा थेंब थेट मुरमावर आदळत नाही, आणि तेवढ्या अवधीत वाळा खाली मुळे सोडतो. ही फुले म्हणजे बाग नव्हे, बागेची पहिली पाळी आहे.

त्या वर्षी पाणी खाली गेले, पण गढूळ गेले नाही. भाद्रपदात आजी चढ चढून आल्या आणि गौरीसाठी तेरडा मागितला. मी ओंजळभर दिला. गौरीही तीनच दिवस माहेरी येते. म्हणून तिला कुणी हलके लेखत नाही.