क्षमावाणीचे मेसेज आणि दोन भावांची लॉटरी



मे महिन्यात सूनबाई पुण्याहून आली होती. जाताना एक जाडजूड इंग्रजी कादंबरी इथेच विसरून गेली. ल्युसी स्कोर या अमेरिकन लेखिकेची ‘थिंग्ज वी नेव्हर गॉट ओव्हर’, २०२२ साली आलेली. मुखपृष्ठावर छान फुलं. मला वाटलं, घरगुती काहीतरी असेल. बी.कॉम. होऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली, इंग्रजी पार गंजलंय, म्हणून दुपारची भांडीकुंडी आवरली की डिक्शनरी घेऊन बसायला लागले.

आधी कबुली देते, म्हणजे नंतर कोणी फोन करून विचारायला नको. हे पुस्तक आपल्या घरात मोठ्याने वाचून दाखवण्यासारखं नाही. नायक-नायिकेच्या खोलीतलं सगळं त्यात अगदी उघड लिहिलंय, आणि नायकाच्या तोंडी शिव्या तर वाक्यावाक्याला. ब्रह्मचर्य व्रताच्या पाच भावनांमध्ये रागकथा ऐकण्याचा त्याग सांगितलाय, तो मला पाठ आहे. ती पानं आली की मी उलटून पुढे जायची. वयात आलेल्या मुलींच्या हातात हे पुस्तक देऊ नका, असंच माझं मत आहे. मुखपृष्ठावरची फुलं बघून फसू नका.

मग पुस्तक बाजूला का नाही ठेवलं? त्यातल्या भावाबहिणींमुळे.

गोष्ट अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या नॉकेमआउट नावाच्या गावात घडते. गाव कल्पित आहे, पण आपल्या तालुक्याच्या गावासारखंच. कोण कोणाशी बोलत नाही, हे सगळ्या गावाला माहीत. नायिका नेओमी स्वतःच्या लग्नातून पळून तिथे येते, कारण तिच्या जुळ्या बहिणीने, टीनाने मदतीला बोलावलेलं असतं. दोघींचं वर्षानुवर्षं पटत नाही. टीना तिची गाडी आणि पैसे घेऊन पसार होते आणि मागे ठेवते आपली ११ वर्षांची मुलगी, वेलॅ. आपल्याला भाची आहे, हे नेओमीला त्या दिवशी कळतं!

नायक नॉक्स. त्याचा सख्खा भाऊ नॅश गावचा पोलीसप्रमुख. एकाच गावात राहून दोघांत धड बोलणं नाही. कारण पैसा, पण आपल्याकडे असतं तसं वाटणीचं भांडण नाही. नॉक्सला मोठी लॉटरी लागते आणि तो भावाला पैसे देतो. भावाला ते नको असतात. नॉक्स हट्टाने देतो. शेवटी नॅश ते पैसे पोलीस ठाण्याच्या इमारतीला देऊन टाकतो आणि इमारतीवर भावाचं नाव लावतो. झालं, दोघांची तोंडं दोन दिशांना.

इथे मी पुस्तक मिटलं. त्या दुपारी पुढे वाचवेना.

माझा धाकटा भाऊ मला अक्का म्हणतो. म्हणायचा, असं लिहिणार होते. बारा वर्षांपूर्वी त्याचं कापडाचं दुकान अडचणीत आलं. यांनी एका शब्दात दोन लाख काढून दिले. ‘परत देऊ नकोस, बहिणीचं घर आहे,’ असंही म्हणाले. यांनी दिले आणि विसरले. मी विसरले नाही. मी कॉमर्सची. वहीत त्याच्या नावावर पान काढलं. दिवाळीला आला की विचारायची, ‘हिशेब नीट लिहितोस ना रे? उधारी बंद केलीस का?’ पुढच्या वर्षी त्याने स्कूटर घेतली. चुलत्यांच्या घरी सगळे जेवायला बसले असताना मी म्हणाले, ‘स्कूटर आली म्हणजे पैसे आले वाटतं.’ सगळे हसले. तो हसला नाही.

तीन महिन्यांनी कुरिअरने चेक आला. दोन लाख, वर बँकेच्या दराने व्याज. चिठ्ठी नाही, काही नाही. आणि मैत्रिणींनो, मी तो चेक बँकेत भरला. पासबुकात एंट्री करून घेतली. वहीतलं पान लाल पेनने तिरपी रेघ मारून बंद केलं. हिशेब चोख झाला. भाऊ गेला.

इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले, ‘आम्ही एवढी मदत केली, तरी त्यानेच तोंड फिरवलं.’ ऐकणारेही माझ्याच बाजूने बोलायचे. तिकडे त्या परक्या गावातला नॉक्सही तेच म्हणत होता, मी तर दिलेच ना!

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात दानाची व्याख्या आहे. दुसऱ्याच्या उपकारासाठी आपली वस्तू सोडून देणं म्हणजे दान. ‘सोडून देणं’ महत्त्वाचं. पुढच्याच सूत्रात विधी, द्रव्य, दाता आणि पात्र यांवरून दानात फरक पडतो असं सांगितलंय. आपण स्वाध्यायाला बसून हे सगळं ऐकतो आणि मुनींच्या आहारदानापुरतं समजून घेतो. भावाला दिलेल्या पैशाला हे लागू आहे, असं मला कधी वाटलंच नाही. मी दोन लाख दिले, पण सोडले नव्हते. त्या पैशाच्या मागून मीही त्याच्या दुकानात जाऊन बसले होते.

माझं मत स्पष्ट सांगते. आपल्या घरांतली भावाबहिणींची भांडणं पैशावरून झाली असं आपण म्हणतो, म्हणजे दोष लोभ कषायाच्या माथी मारतो. बहुतेक वेळा तिथे मान कषाय बसलेला असतो. हक्कसोडपत्रावर सही करून दिलेली बहीण जमिनीसाठी रडत नाही. सही झाल्यावर भावजयीने जेवायला थांब म्हटलं नाही, म्हणून रडते. दशलक्षणात पहिला दिवस उत्तम क्षमेचा आणि लगेच दुसरा उत्तम मार्दवाचा. माझं गाडं दरवर्षी पहिल्या दिवसावरच अडकायचं, कारण दुसरा दिवस मी नुसता उपवासात घालवायची.

कादंबरीत नॅशला गोळी लागते. मग नॉक्सचे पाय हॉस्पिटलकडे वळतात आणि तिथून पुढे हळूहळू दोघे बोलायला लागतात. लेखिकेला त्यासाठी गोळी झाडावी लागली. आपल्याकडे त्या जागी अंत्ययात्रा असते. आईच्या तेराव्याला, नाहीतर भावाच्या बायपासला आपण भेटतो आणि मग म्हणतो, ‘उगाच इतकी वर्षं घालवली.’

आणि घालवलेल्या वर्षांची किंमत मुलं देतात. वेलॅचं वाचताना मला मागच्या वर्षीचं सांगलीतलं लग्न आठवलं. एक उंच, गोड मुलगी येऊन पाया पडली. मी सवयीने विचारलं, ‘कोणाची गं तू?’ ती गोंधळली. मग हळूच म्हणाली, ‘आत्या, मी...’ आणि भावाचं नाव सांगितलं. ती सात वर्षांची असताना मी तिच्या वेण्या घातल्या होत्या. नेओमीला भाची असल्याचं माहीत तरी नव्हतं. मला माहीत होतं आणि मी ओळखलं नाही.

एक गोष्ट मात्र या पुस्तकाची मला पटली आणि ती आपल्याकडे कोणी मोकळेपणाने बोलत नाही. दोन भावांचं जुळतं, म्हणून दोन बहिणींचंही तसंच जुळवून टाकलेलं नाही. टीना चोरी करते, मुलीला वाऱ्यावर सोडते. नेओमी तिच्यासाठी आयुष्यभर निस्तरत आलेली असते आणि शेवटी तिला तिथे रेघ ओढायला शिकावं लागतं. ती भाचीला सांभाळते, बहिणीच्या चुका नाही. आपल्यातही कितीतरी जणींचे भाऊ व्यसनी आहेत, दागिने गहाण टाकणारे आहेत. त्यांना ‘क्षमा कर, शेवटी रक्ताचं नातं आहे’ असं सांगून पुन्हा कपाटाची किल्ली द्यायला लावू नका. क्षमा म्हणजे मनातलं वैर काढून टाकणं. कोऱ्या चेकवर सही करणं नव्हे.

पण माझा भाऊ टीनासारखा नव्हता. त्याने तर व्याजासकट परत केले होते.

दरवर्षी क्षमावाणीला मी मोबाईलवर हात जोडलेलं चित्र दीडएकशे जणांना पाठवते. त्यात दूधवाला असतो, जुनी शेजारीण असते, ज्यांचा मी कधी अपराधच केला नाही असे कितीतरी असतात. त्याचं नाव मात्र त्या यादीत नसतं. या वर्षी चित्र कोणालाच पाठवलं नाही. संध्याकाळी पाच वाजता त्याच्या घरी फोन लावला.

भावजयीने उचलला. ‘वन्सं?’ म्हणाली आणि गप्प झाली. मग तो आला. पहिलं वाक्य, ‘अक्का, जेवलीस का? दिवस मावळायला आलाय.’

मी म्हटलं, ‘जेवते. आधी ऐक. पैशांचं नाही, ते स्कूटरचं बोलले ना मी, ते चुकलं माझं. सगळ्यांसमोर बोलले, ते चुकलं.’

बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, फोन कट झाला. मग म्हणाला, ‘स्कूटर तीच आहे अजून. विकली नाही.’

एवढंच बोलणं झालं. तो अजून आलेला नाही, मीही गेलेली नाही. दिवाळीला बघू. पण वहीतलं ते पान मी फाडून टाकलंय.

तुमच्या यादीत कोणाचं नाव नाही, ते आज एकदा बघा. आणि सूनबाई हे वाचत असशील तर तुझं पुस्तक कपाटात वरच्या फळीवर आहे, मुलांच्या हाताला लागणार नाही असं.

कळत-नकळत माझ्याकडून कोणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.