बिल भरण्याआधी मला विचारा, असं सांगून ठेवा

ऑस्ट्रेलियातल्या ज्या मराठी घरांत एनडीआयएसचा प्लॅन नुकताच मंजूर झाला आहे किंवा व्हायच्या बेतात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. प्लॅनच्या बैठकीत शेवटी शेवटी एक प्रश्न येतो: या पैशांचा व्यवहार कोण पाहणार? तोवर मुलाला काय काय जमत नाही हे परक्या माणसाला सांगून सांगून आईबापांचा जीव मेटाकुटीला आलेला असतो. मग 'तुम्हाला ठीक वाटेल ते लिहा' म्हणून आपण उठतो. तसं करू नका. कोणत्या थेरपिस्टकडे जाता येईल, बिलं कोण भरेल, हिशेब कुणाच्या हातात राहील, हे सगळं त्या एका उत्तरावर ठरतं.

आधी एक गैरसमज दूर करू. महाराष्ट्रात अपंगत्वाचं सरकारी साहाय्य म्हटलं की संजय गांधी निराधार योजनेसारखं दरमहा खात्यात येणारं अनुदान डोळ्यांसमोर येतं. एनडीआयएस तसं नाही. ते पेन्शन नाही, उत्पन्न नाही, त्यावर कर लागत नाही आणि तुमचा पगार किती आहे हे त्यासाठी कुणी विचारत नाही. सेंटरलिंकची डिसॅबिलिटी सपोर्ट पेन्शन किंवा केअरर अलाउन्स या निराळ्या गोष्टी, त्यांचे अर्जही निराळे. एनडीआयएसची रक्कम ठरावीक मदतीसाठी राखून ठेवलेली असते: ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच थेरपी, सपोर्ट वर्कर, व्हीलचेअर वगैरे. घरभाडं, किराणा, शाळेची फी त्यातून भरता येत नाही. २०१३ साली काही भागांत प्रयोग म्हणून सुरू झालेल्या या योजनेत आज सात लाखांहून अधिक माणसं आहेत. २०१४ साली मेडिकेअर लेव्ही दीड टक्क्यावरून दोन टक्के झाली ती याच योजनेसाठी, म्हणजे आपल्याही पगारातून हे पैसे जातात. मागताना ओशाळायचं कारण नाही.

व्यवहार पाहण्याचे तीन मार्ग आहेत. पहिल्यात योजना चालवणारी एनडीआयए ही संस्थाच परस्पर बिलं चुकवते. यात तुम्हाला कागद सांभाळावे लागत नाहीत, पण फक्त नोंदणीकृत प्रोव्हायडरकडेच जाता येतं. तुमच्या उपनगरातली चांगली स्पीच थेरपिस्ट एकटीच काम करत असेल आणि तिने नोंदणी केली नसेल, तर ती हातची गेली. दुसरा मार्ग सगळं स्वतः सांभाळण्याचा. यात मोकळीक सर्वांत जास्त. सरकारने ठरवलेल्या कमाल दरापेक्षा अधिक पैसे देऊनही माणूस नेमता येतो. पण प्रत्येक बिल तपासणं, रक्कम मागणं, ती वेळेवर चुकवणं आणि कागद पाच वर्षं जपणं हे सगळं तुमच्या अंगावर येतं. तिसरा मार्ग प्लॅन मॅनेजरचा. प्रोव्हायडर बिल त्याच्याकडे पाठवतो, तो एनडीआयएकडून रक्कम मागवून प्रोव्हायडरला देतो आणि महिन्याच्या शेवटी तुम्हाला हिशेब पाठवतो. नोंदणी नसलेल्या प्रोव्हायडरकडेही बहुतेक बाबतींत जाता येतं, मात्र कमाल दराची मर्यादा पाळावी लागते.

माझा सल्ला असा की पहिल्या प्लॅनला तिसरा मार्ग मागा. मागा म्हणतो, कारण तो आपोआप मिळेल असं धरून चालू नये. प्लॅन मॅनेजरचा खर्च मुलाच्या थेरपीच्या पैशांतून जात नाही, त्यासाठी प्लॅनमध्ये वेगळी रक्कम घातली जाते. गेली काही वर्षं हा दर महिन्याला शंभर डॉलरच्या आसपास राहिला आहे. 'मी आयटीत आहे, स्प्रेडशीट करीन' म्हणणारे बाबा आपल्याकडे पुष्कळ असतात. करावी त्यांनी, पण दुसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षी योजनेची भाषाच नवी असते, त्यात नोकरी, शाळा, थेरपीच्या फेऱ्या आणि भारतातून येणारे काळजीचे फोन. वर्षभर प्लॅन मॅनेजरचे हिशेब वाचलेत की काम कसं चालतं ते कळतं. मग थोडा भाग स्वतःकडे घ्या. एकाच प्लॅनमध्ये दोन मार्ग एकत्र चालतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

आता खरा मुद्दा. प्लॅन मॅनेजर कागद पाहतो. बिलावर प्रोव्हायडरचा व्यवसाय क्रमांक आहे का, तारीख आणि तास लिहिले आहेत का, दर मर्यादेत आहे का, त्या सदरात पैसे शिल्लक आहेत का, हे तो तपासेल. पण मंगळवारी सपोर्ट वर्कर चार वाजता आला की पाच वाजता, मुलाला पोहायला नेलं की गाडीत बसवून स्वतःच्या फोनवर बोलत राहिला, हे त्याला कळायचा मार्ग नाही. ते तुम्हीच पाहिलेलं असतं. म्हणून पहिल्याच दिवशी प्लॅन मॅनेजरला लेखी कळवा की माझी मंजुरी आल्याशिवाय कुठलंही बिल चुकवू नका. बऱ्याच प्लॅन मॅनेजरांकडे त्यासाठी अ‍ॅप असतं किंवा ईमेल येतो. तुम्ही काहीच सांगितलं नाही तर बिल सरळ चुकवलं जाण्याचा संभव जास्त. पैसे गेल्यावर ते परत मिळवण्याची खटपट मात्र तुमच्या वाट्याला येते.

यात अविश्वास दाखवल्यासारखं काही नाही. साधा आकडा पाहा. सपोर्ट वर्करचा साध्या दिवसाचा कमाल दर तासाला सत्तर डॉलरच्या घरात आहे. आठवड्याला दोन तास जादा लावले गेले, तर वर्षाला सात हजार डॉलरच्या वर रक्कम जाते. एवढ्यात मुलाची बरीचशी स्पीच थेरपी झाली असती. हे नेहमी लबाडीनेच होतं असंही नाही. रोस्टर बदललेलं असतं, ऑफिसातल्या माणसाने जुनेच तास टाकलेले असतात. घरातल्या कॅलेंडरवर कोण आलं, किती वाजता आलं आणि किती वाजता गेलं एवढं लिहून ठेवा. बिल आलं की ताडून पाहा. दहा मिनिटांचं काम.

आणि एक अवघड गोष्ट. आपल्या समाजात 'आपला माणूस' हा मोठा आधार असतो, तसाच तो अडचणीचाही होऊ शकतो. मंडळाच्या गणपतीत ओळख होते, कुणीतरी म्हणतं मी सपोर्ट वर्कर आहे, दादा, तुमचं सगळं मी बघतो. मराठी बोलणारा माणूस मुलाला मिळाला याचं अप्रूप वाटतं, आणि ते खरंही आहे. आजीशी दोन शब्द बोलणारा वर्कर मोलाचा. पण तोच माणूस 'बिलात चार तास लिहू, दोन तासांचे पैसे तुम्हाला परत देतो' म्हणाला, तर तिथेच थांबा. तो सरळ गुन्हा आहे, आणि त्यात तुमचंही नाव येतं. साइन करून घेतलेलं कोरं टाइमशीट, नव्या प्रोव्हायडरकडून मिळणारं गिफ्ट कार्ड किंवा टॅबलेट, 'तुमच्या प्लॅनमध्ये किती शिल्लक आहे?' हा पहिल्याच भेटीतला प्रश्न, या सगळ्याला हसून नकार द्या. प्लॅनची प्रत कुणालाही पूर्ण दाखवायची गरज नसते. ज्या कामासाठी माणूस नेमायचा तेवढंच सांगा. काही गैर दिसलं तर एनडीआयएसची फसवणूक कळवण्याची लाइन १८०० ६५० ७१७ आहे. सेवेबद्दलची तक्रार क्वालिटी अँड सेफगार्ड्स कमिशनकडे १८०० ०३५ ५४४ वर करता येते. घरच्यांनाच पगार द्यावा असंही काहींना वाटतं, पण अगदी अपवादात्मक परिस्थिती सोडली तर कुटुंबातल्या माणसाला या पैशांतून मोबदला मिळत नाही.

थेरपीच्या हिशेबाकडे वळू, कारण बहुतेक घरं अडकतात ती तिथे. समजा प्लॅनमध्ये थेरपीसाठी आठ हजार डॉलर आहेत. ऑक्युपेशनल थेरपीचा कमाल दर तासाला १९३ डॉलर ९९ सेंट. दर आठवड्याला एक तास धरला तर वर्षाचे दहा हजारांवर होतात. म्हणजे आठ हजारांत एकेचाळीस तास, आणि तेही थेरपिस्टने अहवाल लिहिला नाही, शाळेशी फोनवर बोलली नाही, घरी येण्याच्या प्रवासाचे पैसे लावले नाहीत तर. प्रत्यक्षात ती हे सगळं करते आणि त्याचे पैसे रीतसर लागतात. ऐन वेळी रद्द केलेल्या भेटीचेही लागतात. किती आधी कळवलं तर लागणार नाहीत हे करारात पाहा. मे २०२५ पासून नव्या प्लॅनमध्ये सगळी रक्कम एकदम हाती येत नाही. ती टप्प्याटप्प्याने, बहुतेक वेळा तीन-तीन महिन्यांनी, वापरायला खुली होते. एका टप्प्यात उरलेले पैसे त्याच प्लॅनच्या पुढच्या टप्प्यात येतात, पण आधीच संपले तर पुढचा टप्पा उघडेपर्यंत हात बांधलेले. चांगला प्लॅन मॅनेजर 'या गतीने गेलात तर ऑगस्टमध्ये पैसे संपतील' असं जूनमध्येच सांगतो. तसं सांगत नसेल तर त्याला विचारा. थेरपिस्टलाही वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा की माझ्याकडे इतके तास आहेत, अहवालाचे तास त्यातूनच काढा.

मग प्लॅन मॅनेजर निवडायचा कसा? त्याला नोंदणी सक्तीची आहे, तेव्हा कमिशनच्या यादीत नाव आहे ना एवढं पाहा. त्यापुढे तुम्ही विचाराल तेच खरं. बिल आल्यापासून किती दिवसांत चुकवता? फोन कुणी उचलतं का, की सगळं ईमेलवर? हिशेबाचा एखादा नमुना दाखवाल का? हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जो हिशेब वाचून 'किती होते, किती गेले, किती उरले' हे दोन मिनिटांत कळत नाही, तो कितीही रंगीत असला तरी निरुपयोगी. प्रोव्हायडरांनाही विचारा, त्यांना कोण वेळेवर पैसे देतं ते चांगलं माहीत असतं. जो पैसे अडकवतो, त्याच्या ग्राहकांना थेरपिस्ट पुढे पुढे वेळ देत नाहीत.

जी कंपनी प्लॅन मॅनेजमेंट करते, तीच सपोर्ट वर्कर पुरवते आणि सपोर्ट कोऑर्डिनेशनही करते, तिथे मी दोनदा विचार करीन. बिल देणारा आणि बिल तपासणारा एकाच छपराखाली बसला, तर तपासणी ढिली पडते. अशा कंपनीने तुम्हाला ही गुंतागुंत स्वतःहून सांगायला हवी. सपोर्ट कोऑर्डिनेटर हा वेगळा माणूस, तो सेवा शोधून देतो, जुळवून देतो. प्लॅन मॅनेजर पैसे चुकवतो. दोघांकडून एकमेकांच्या कामाची अपेक्षा ठेवली तर दोघांवरही विनाकारण रुसावं लागतं. पटलं नाही तर प्लॅन मॅनेजर बदलता येतो. प्लॅन संपण्याची वाट पाहावी लागत नाही, करारात ठरलेली आगाऊ सूचना दिली की झालं. भिडेखातर वर्ष काढू नका. फक्त बदलण्याआधी थकलेली सगळी बिलं जुन्याकडे पोहोचलीत याची खात्री करा. दोन वर्षांपेक्षा जुन्या सेवेचे पैसे आता मागता येत नाहीत.

नियम बदलत राहतात हेही ध्यानात असू द्या. २०२३ च्या अखेरीस आलेल्या सरकारी समीक्षेने या मध्यस्थांच्या सगळ्या मांडणीचाच फेरविचार सुचवला होता, आणि कशावर खर्च चालतो याची यादी ऑक्टोबर २०२४ पासून कायद्याने जास्त काटेकोर झाली आहे. 'मागच्या वर्षी शेजारच्यांना मिळालं होतं' हा आधार धरू नका. शंका असेल तर एनडीआयएला १८०० ८०० ११० वर फोन करा. इंग्रजीचा संकोच वाटत असेल तर टीआयएस नॅशनलच्या १३१ ४५० वर फोन करून मराठी दुभाषा मागा, त्या वेळी मिळाला नाही तर हिंदीचा. त्याचे पैसे पडत नाहीत. भारतात सहा आठवड्यांपेक्षा जास्त मुक्काम ठरत असेल, तर तिकिटं काढण्याआधी हाच फोन करा. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना आणि पासष्टी उलटल्यावर पहिला अर्ज करणाऱ्या आजी-आजोबांना ही योजना मिळत नाही. आजी-आजोबांसाठी माय एज्ड केअर हा रस्ता आहे.

शेवटी, ज्यांची मुलं पंधरा-सोळा वर्षांची झाली आहेत त्यांच्यासाठी. अठराव्या वाढदिवसापर्यंत प्लॅन मॅनेजर आईबापांशी बोलतो, हिशेब तुमच्या ईमेलवर येतो. अठरा पूर्ण झाली की कायद्याने तो प्लॅन, ते पैसे आणि ते निर्णय मुलाचे. तुम्ही कितीही वर्षं हे सांभाळलेलं असलं, तरी त्याची संमती किंवा नॉमिनी म्हणून रीतसर नेमणूक नसेल, तर प्लॅन मॅनेजर तुम्हाला शिल्लकही सांगू शकणार नाही, आणि ते योग्यच आहे. तेव्हा आतापासून महिन्याचा हिशेब मुलाला शेजारी बसवून वाचा. बोलता येत नसेल तर चित्रांचा तक्ता घ्या. कोणता वर्कर आवडतो, कोणता नको, हे त्याला बोट ठेवून दाखवू द्या आणि नको म्हटलेल्याचं पुढचं बुकिंग खरोखर रद्द करा. नॉमिनीच्या अर्जाची चौकशी सतराव्या वर्षीच करून ठेवा, कागद व्हायला वेळ लागतो.